बंद पडलेला वीट कारखाना पाहायला जाताना

जागामालकाची लेखी परवानगी घ्या आणि एकट्याने जाऊ नका. हेल्मेट, जाड तळव्याचे बूट, दोन टॉर्च आणि धूळ अडवणारा चांगला मास्क हवाच. विटांच्या धुळीत सिलिका (वाळूतलं खनिज, श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना घातक) असते.

सुरुवात मातीच्या खाणीपासून करा, पण काठापासून लांब राहून. साचलेलं पाणी उथळ वाटतं, खाली खोल चिखल असतो.

भट्टी लांबट गोलाकार, कमानदार दारांची असेल तर ती बहुधा हॉफमन भट्टी. फ्रीडरिश हॉफमन यांनी १८५८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तिच्यात विटा जागेवरच राहत, आग दालनांतून पुढे सरके. भाजलेल्या विटांवरून येणारी हवा तापून आगीला मिळे आणि धुराच्या उष्णतेवर पुढच्या कच्च्या विटा सुकत. इंधनाची बचत मोठी होती ती यामुळेच! छतातली कोळसा टाकायची भोकं आणि भिंतींवरची काचेसारखी झिलई नीट पाहा. मात्र कमानीतल्या विटा निसटलेल्या किंवा झाडांच्या मुळांनी फुगलेल्या दिसल्या तर आत पाऊल टाकू नका. छतावर तर मुळीच चढू नका.

विटेच्या खाचेतल्या अक्षरांवर टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा पाडा, कारखान्याचं पुसट नावही उठून दिसतं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. वीट उचलून आणू नका.