गाडी सुरू होईना? लगेच नवी बॅटरी घेऊ नका
किल्ली फिरवली की नुसतं ‘टक-टक-टक’ होतंय, डॅशबोर्डचे दिवे मंदावतायत? आधी बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे वायरी जोडलेली दोन टोकं, हलवून बघा. सैल असतील किंवा पांढरट-हिरवी पूड साचली असेल, तर दोष बहुधा तिथेच. निगेटिव्ह (−) आधी काढून दोन्ही घासा, घट्ट बसवा.

मग बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. जंप देऊन (दुसऱ्या बॅटरीला केबलने जोडून) इंजिन चालू झालं की पुन्हा मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतं. आकडा वर सरकतच नसेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि त्याचा बेल्ट तपासा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून मात्र कधीच बघू नका. व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जळू शकतो.