धूप झालेल्या माळाचा नकाशा कसा करावा

सिन्नर किंवा नांदगावकडच्या उघड्या माळावर घळ दिसली की तिच्या तोंडाशी दगडांचा बांध घालण्याची घाई होते. पण वरून येणारे पाणी आणि माती न अडवता घातलेला असा बांध एकदोन पावसाळ्यांतच गाळाने भरून जातो. म्हणून आधी पाणलोटाचा नकाशा करावा आणि काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यावे.

क्यूजीआयएस ही नकाशे करण्याची मोफत संगणकप्रणाली त्यासाठी पुरेशी आहे. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरून कार्टोसॅट उपग्रहाची सुमारे ३० मीटर विभेदनाची, म्हणजे तेवढ्या बाजूच्या दर चौकोनाला एक आकडा देणारी, उंचीची माहिती उतरवून घ्यावी आणि ती यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) बदलावी, कारण नकाशा अक्षांश-रेखांशांतच राहिला तर उताराचे आकडे साफ चुकतात. त्यानंतर उंचीतले खोटे खळगे भरून प्रवाहरेषा काढाव्यात, नाल्यावरचा एक बिंदू धरून त्याचे पाणलोट क्षेत्र आखावे आणि त्यावर उताराचा नकाशा व गटांच्या हद्दी ठेवाव्यात. जिथे तीव्र उतारावर प्रवाहरेषा एकत्र येतात, त्या जागा प्रथम पायी जाऊन पाहाव्यात. घळीच्या माथ्याशी ताजी माती ढासळलेली आणि गवताची मुळे लोंबकळत असतील, तर ती घळ अजून वर सरकत आहे, असे समजावे आणि तिच्या वरच्या अंगाचे काम आधी हाती घ्यावे.

एक चूक मात्र कोणी करू नये, कारण ती आम्ही केली आहे. संगणकाने काढलेल्या समोच्च (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषांवरच आम्ही सलग समतल चर खोदले आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी एका टोकाला साचून तिथला भराव फुटला. ३० मीटरच्या एका चौकोनाला उंचीचा एकच आकडा असतो, त्यामुळे हातभर खोलीच्या चराची पातळी त्यावरून ठरवता येत नाही. कोणत्या उतारावर जायचे हे नकाशावरून ठरवावे. चराची आखणी मात्र पाण्याच्या नळीने किंवा ए-फ्रेमनेच (इंग्रजी ‘ए’च्या आकाराच्या, ओळंबा लावलेल्या चौकटीनेच) करावी.

काम झाल्यावर सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर विभेदनाच्या प्रतिमांवरून दरवर्षी नोव्हेंबरमधील हिरवाईची तुलना करावी, कारण जुलै-ऑगस्टमध्ये ढग आड येतात आणि मे महिन्यात गवत वाळलेले असते. चांगल्या पावसाच्या वर्षी कोणताही माळ हिरवा दिसतो, म्हणून शेजारचा, काम न झालेला तसाच एक उतारही दरवेळी सोबत मोजावा.