पर्सनल ट्रेनर होताना: प्रमाणपत्रापासून पहिल्या ग्राहकापर्यंत

स्वतःचे पिळदार शरीर हेच या व्यवसायाचे भांडवल, असा समज जिममध्ये सर्रास आढळतो. परंतु ग्राहक पैसे मोजतो ते त्याच्या शरीराविषयी आपल्याला काय कळते यासाठी. म्हणून आरंभ प्रमाणपत्राने करावा. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, म्हणजेच एसीई, या संस्थेच्या परीक्षेसाठी वय किमान 18 वर्षे असावे लागते, सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचे, वैध प्रमाणपत्र लागते आणि मिळालेल्या प्रमाणपत्राचे दर 2 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

त्यानंतर एखाद्या जिममध्ये फ्लोअर ट्रेनर, म्हणजे जिममध्ये येणाऱ्या सर्वांना व्यायाम दाखवणारा प्रशिक्षक, म्हणून उमेदवारी करावी, कारण पन्नाशीतल्या गृहस्थाचे गुडघे स्क्वॉट करताना आत का वळतात, हे पुस्तकापेक्षा समोर उभे राहूनच नीट कळते. नव्या ग्राहकाच्या हाती वजन देण्यापूर्वी हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, जुनी दुखापत आणि चालू औषधे यांची लेखी नोंद घ्यावी व शंका आल्यास डॉक्टरांची संमती मागावी. औषधे सुचवणे हे आपले काम नव्हे, आणि स्टेरॉइड तर मुळीच नाही, मग ग्राहक कितीही आग्रह करो. शुल्क सत्रांच्या संख्येवर ठरवावे आणि रद्द झालेल्या सत्राचा नियम आधीच लिहून द्यावा.