उदासिनीकरण म्हणजे सामू ७ नव्हे: अनुमापन करताना या चुका टाळा

अनुमापनाचे, म्हणजे एका द्रावणाची संहती (विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण) माहीत संहतीच्या दुसऱ्या द्रावणाने मोजण्याच्या प्रयोगाचे, उत्तर चुकले की दोष बहुतेक वेळा हाताला दिला जातो. माझ्या मते तो त्याहून अधिक वेळा समजुतीत असतो. आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी मिळते, हे पाठ केलेले वाक्य पुढे नकळत ‘उदासिनीकरण पूर्ण झाले, म्हणजे सामू ७ झाला’ असे रूप घेते (सामू म्हणजे pH, द्रावण किती आम्ल वा आम्लारिधर्मी आहे याचे माप). हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड या जोडीला ते लागू पडते. परंतु ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल तितक्याच संहतीच्या सोडियम हायड्रॉक्साइडने नेमके उदासीन केले, तर सामू सुमारे ८.७ भरतो, कारण तयार झालेला ॲसिटेट आयन पाण्यातील हायड्रोजन आयन काही प्रमाणात स्वतःकडे घेतो आणि द्रावणात हायड्रॉक्साइड आयन वाढतात.

दर्शकाची, म्हणजे रंग बदलून अभिक्रियेचा शेवट दाखवणाऱ्या पदार्थाची, निवड येथेच चुकते. मिथिल ऑरेंजचा रंग सामू ३.१ ते ४.४ या टप्प्यात बदलतो. शंकुपात्रात १० मिलिलिटर ॲसेटिक आम्ल असेल, तर ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मोजनळीतून) जेमतेम ३ मिलिलिटर आम्लारी पडेपर्यंत लाल रंग हळूहळू पिवळा होऊन जातो, आणि खरा तुल्यबिंदू (आम्ल नेमके उदासीन होते तो क्षण) मात्र १० मिलिलिटरवर असतो. येथे ८.२ ते १० या टप्प्यात रंग बदलणारे फिनॉल्फ्थॅलीनच हवे. रंग एका थेंबात न पालटता रेंगाळत असेल, तर आधी दर्शक तपासावा.

ॲसेटिकसारख्या सौम्य आम्लाला आम्लारी कमी लागते, हा समजही चुकीचा आहे. मुक्त हायड्रोजन आयन वापरले जातात तसतसे उरलेले रेणू विघटित होत राहतात, त्यामुळे समान संहतीच्या आणि समान आकारमानाच्या ॲसेटिक व हायड्रोक्लोरिक आम्लांना आम्लारी सारखीच लागते. ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू मात्र दोन हायड्रोजन आयन देतो. हा २ गणितात विसरला, की सोडियम हायड्रॉक्साइडची संहती बरोबर निम्मी येते.

ब्युरेट जे द्रावण भरायचे त्यानेच खळबळून घ्यावी; शंकुपात्र मात्र केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे. शंकुपात्र आम्लाने खळबळले, तर भिंतींना चिकटलेले आम्ल मोजमापात न येता अभिक्रियेत भाग घेते आणि रीडिंग वाढते. उलट तेथे थोडे पाणी राहिले, तरी बिघडत नाही, कारण आम्लाचे मोल (रेणूंचे एकूण प्रमाण) तेवढेच राहतात. ब्युरेटच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा मध्येच सुटला, तरीही रीडिंग खोटे वाढते.

फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग काही वेळाने फिका पडतो, तेव्हा पुष्कळ विद्यार्थी आणखी थेंब टाकत राहतात. हवेतील कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळल्याने हे घडते. हलवल्यावर अर्धा मिनिट टिकलेली पहिली फिकट गुलाबी छटा हाच अंत्यबिंदू, म्हणजे थांबण्याची खूण, मानावा. हाच वायू बाटलीतील सोडियम हायड्रॉक्साइडचेही हळूहळू कार्बोनेट करतो, शिवाय त्याचे दाणे हवेतील ओलावा शोषतात. म्हणून केवळ वजनावरून त्याची संहती ठरवू नये, ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण (अचूक संहती माहीत असलेल्या) द्रावणाने ती त्याच दिवशी निश्चित करावी.

त्वचेवर आम्ल सांडल्यावर त्यावर आम्लारी ओतणे ही सर्वांत घातक चूक होय. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या उदासिनीकरणात दर मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे मूळ इजेत भाजण्याची भर पडते. आम्ल लागलेले कपडे ताबडतोब उतरवावेत आणि ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे धरावी.