व्हिपल ऑपरेशनच्या जोडाची चौकशी करताना या चुका टाळा

सोलापूरहून फाइल घेऊन रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठायची आणि सेकंड ओपिनियनला पहिलाच प्रश्न टाकायचा, "स्वादुपिंडाचा जोड जठराला करणार की आतड्याला?" विचारायला हरकत नाही, पण सुरुवात इथून नको.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, ग्रहणी (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड करावे लागतात. दगा देतो तो बहुतेकदा स्वादुपिंडाचा. तो गळेल का, हे बरंचसं ग्रंथीवरच, म्हणजे स्वादुपिंडावरच ठरतं. ग्रंथी मऊ असेल तर टाका लोण्यात घातल्यासारखा निसटतो. स्वादुपिंडातली नळी 3 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असेल तर धोका आणखी वाढतो. नळीची रुंदी सीटी स्कॅनमध्ये दिसते. ती आधी विचारा, मग या टीमच्या हातून वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात तेही. संकोच कसला?

एकच अभ्यास धरून बसू नका. 2013 च्या बेल्जियमच्या अभ्यासात जठराचा जोड कमी गळला. 2016 च्या जर्मन अभ्यासात, 320 रुग्णांमध्ये, जठराच्या जोडात गळती 20 टक्के आणि आतड्याच्या जोडात 22 टक्के, म्हणजे फरक जवळपास नाहीच. उलट जठराच्या जोडात किरकोळ रक्तस्राव जास्त दिसला. माझं मत विचाराल तर सर्जनच्या हातात बसलेला जोडच बरा.

गळतीचे जुने-नवे आकडे शेजारी मांडतानाही फसगत होते. ड्रेनमधलं (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतलं) अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एन्झाइम, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवसापासून पुढे रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीहून जास्त भरलं, पण उपचारात काहीच बदलावं लागलं नाही, तर 2016 पासून त्याला फिस्ट्युला, म्हणजे खरी गळती, म्हणत नाहीत. आधी तोही मोजत. त्यामुळे रिपोर्टमधला नुसता आकडा बघून घाबरू नका. ताप आला किंवा ड्रेनमध्ये लाल रक्त दिसलं तर मात्र सकाळच्या राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरना सांगा.

घरी आल्यावर शौच तेलकट, तरंगणारं होऊ लागलं की दोष जोडाला दिला जातो. पुष्कळदा कारण असतं उपाशीपोटी घेतलेली, अन्न पचवायला दिलेली एन्झाइमची कॅप्सूल. ती पहिल्या घासासोबत घ्यायची, चावायची नाही. शेंगाचटणीसारखं तेलाचं खाणं असेल तर डोस वाढवायचा का, हे डॉक्टरांना विचारा. आणि ही एन्झाइम्स सहसा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात; घरात त्यावरून अडचण असेल तर डिस्चार्जआधीच बोला.