मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी पॉवर सप्लायचं लेबल वाचा

जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचंय? आधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लेबल वाचा. मोठ्या अक्षरातल्या वॅटवर जाऊ नका. स्वस्त मालात तो आकडा फुगवलेला असतो. १२ व्होल्टच्या रकान्यात किती वॅट आहेत ते बघा. एएमडीचं आरएक्स ६६०० हे कार्ड एकटं १३२ वॅट खातं, सप्लायकडून ८ पिनची एक केबल मागतं. ती नसेल तर मोलेक्सचं (जुन्या ४ पिनच्या प्लगचं) कन्व्हर्टर जोडू नका, तापून वितळू शकतं; सप्लायच बदला. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घाला, ड्युअल चॅनलमुळे, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकत्र चालल्यामुळे, गेम कमी अडखळतो. सेकंडहँड कार्ड दुकानातच पंधरा मिनिटं लोडवर, म्हणजे जड गेम किंवा टेस्ट लावून, चालवून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर पुढचं दुकान गाठा, लॅमिंग्टन रोडला दुकानांना तोटा नाही.