लिओन व्हिएहोची जोती वाचायची कशी?

निकाराग्वातलं लिओन व्हिएहो म्हणजे 1524 साली वसवलेलं आणि 1610 मध्ये सोडून दिलेलं स्पॅनिश गाव. तिथे गेल्यावर दिसतात विटांची बुटकी जोती. कुठलं घर, कुठलं देऊळ, काही कळत नाही आणि बरेच जण अर्ध्या तासात परततात. हे करून बघा:

1. आधी उंचवट्यावर जा. तिथून मोमोतोंबो ज्वालामुखी आणि तळं तर दिसतंच, पण गावाची आखणीही एका नजरेत येते.

2. खाली उतरल्यावर मुख्य चौक शोधा. स्पॅनिश वसाहतींची आखणी चौकाभोवती असे. चौकाच्या मध्यभागी उभं राहून वहीत एक चौकोन काढा, आणि प्रत्येक अवशेषाची पाटी वाचली की चौकोनाच्या त्या बाजूला नाव लिहा. चार-पाच नावं झाली की गाव डोळ्यांसमोर उभं राहतं. मला तरी वाटाड्याच्या बोलण्यापेक्षा या चौकोनानेच जास्त समजलं.

3. ला मेर्सेद चर्च शेवटी ठेवा. गावाचा संस्थापक एर्नांदेस दे कोर्दोबा आणि त्याचा शिरच्छेद करवणारा स्पॅनिश गव्हर्नर पेद्रारियास, दोघांचेही अवशेष 2000 साली तिथेच सापडले. इथे घाई करू नका.

फोटो उतरत्या उन्हात काढा. तिरप्या सावल्यांमुळे बुटक्या भिंतीही उठून दिसतात. बंद होण्याची वेळ मात्र आत शिरतानाच विचारा.

फोटोसाठी जोत्यावर चढू नका. 1998 च्या मिच वादळाने या भिंतींचं आधीच बरंच नुकसान केलं आहे.